माफीचं रोप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्यानं काही बिघडतही नाही, कारण या गोष्टीत राजा काहीच करत नाही. जे काही करतात ते गावातले म्हातारे करतात. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांना राग आला तर येऊ द्यावा.

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी घोंगडी लागायची, इतकं थंड. माती तांबडी आणि भुसभुशीत. तीस-पस्तीस घरं, आणि प्रत्येक घराच्या परसात स्ट्रॉबेरीचे वाफे. हिवाळा आला की अख्खं गाव त्या फळांच्या वासानं भरून जायचं. खालच्या मुलखातली माणसं टोपल्या घेऊन चढून यायची, बदल्यात भात, मीठ, कापड ठेवून जायची. गाव त्यावर जगायचं. दुसरं काही तिथं धड पिकत नव्हतं.

स्ट्रॉबेरीचं रोप कुणी बी पेरून वाढवत बसत नाही. रोप जोमात आलं की त्याच्या बुडातून एक लांब दोरा सुटतो. तो जमिनीवरून सरपटत जातो, हातभर अंतरावर थांबतो, तिथं दोन पानं काढतो आणि पानांखाली मुळं सोडतो. झाली लेक तयार. मुळांनी माती धरली की मधला दोरा कापायचा. लेक हुबेहूब आईसारखी निघते. आईचा रंग, आईची गोडी, आणि आईला काही दुखणं असेल तर तेही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. त्या गावातल्या म्हाताऱ्यांनी ठेवलं नाही.

गावाच्या मधोमध एक दगडी चौथरा होता. त्यावर एक रोप होतं. गाव वसवणाऱ्या पूर्वजानं ते कुठून तरी आणलं होतं म्हणे. सगळे त्याला ‘थोरली’ म्हणत. साधं रोप तीन-चार वर्षांत थकतं, पण थोरलीचा दोरा थोरलीच्याच बुडाशी रुजवून तिला पिढ्यान्‌पिढ्या जगवली होती. पावसाळाभर तिचे दोरे चौथऱ्याभोवती रुजवायचे आणि पाऊस संपला की मातीच्या बोळक्यांतून त्या लेकी घरोघर वाटायच्या. त्या दिवसाला वाटणी म्हणत. कुणाला दहा बोळकी, कुणाला दोनच. ते ठरवणार पाच म्हातारे, आणि त्या पाचांत मोठा हैबती.

आणि घरच्या रोपांना दोरे फुटले तर? ते खुडून फेकायचे. रोप कितीही तरणं असो, दोरा कितीही जोमदार असो.

“आई बसलेली असताना पोरींनी संसार मांडायचा नसतो,” हैबती म्हणायचा. या वाक्यावर सगळे माना डोलवायचे. कुणी कधी विचारलं नाही की का नसतो.

आता थोरली आजारी पडली.

एकदम नाही पडली. आधी नवी पानं जरा लहान आली. मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, पानं आक्रसली, मुठीसारखी आत वळली. तिच्या लेकी घरोघर गेल्या आणि घरोघर तसंच झालं. फळ आधी सुपारीएवढं झालं, मग चण्याएवढं.

पहिल्या वर्षी म्हातारे म्हणाले, पाऊस फार झाला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पाऊस कमी झाला. तिसऱ्या वर्षी म्हणाले ते सोपं होतं, आणि पुढं तेच म्हणत राहिले: आजकालच्या पोरांना वाफ्यात राबायला नको.

पोरं राबत होती. सकाळी गोगलगाई वेचत होती, फळाखाली वाळलं गवत अंथरत होती, दरीतल्या झऱ्यावरून घागरी आणत होती. आजारी रोपाला घागरीनं काय होतं?

हे उघड बोलला फक्त एक जण. त्याचं नाव दौलू. गावाच्या टोकाला, जिथं डोंगराची सोंड वाऱ्यात घुसते, तिथं त्याचं घर. वाटणीच्या दिवशी सगळं गाव जमलेलं असताना तो बोळकं हातात घेऊन उभा राहिला, त्यानं पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “आज्जा, थोरली आजारी हाय. हे रोप मी नेणार न्हाई.”

हैबती जागचा हलला नाही. “तुझी आई म्हातारी झाल्यावर तिलाबी आजारी म्हणून टाकली होतीस का रं?”

लोक हसले. दौलूची बायको सारजा खाली मान घालून उभी राहिली.

दौलूनं बोळकं चौथऱ्यावर परत ठेवलं. तेवढ्यावर त्याचं घर वाळीत पडलं. त्या घराला रोप नाही, त्या घराला हाक नाही, त्या घराच्या ओट्यावर कुणी बसायचं नाही.

दौलूकडे तेव्हा थोडी जुनी रोपं होती, थोरली आजारी पडण्याच्या आधीची. त्यानं त्यांचे दोरे खुडले नाहीत, रुजवले. हा गुन्हा त्यानं आपल्या मुलीला शिकवला. मुलीचं नाव चिमा.

दोन वर्षांनी दौलू तापानं गेला. गावातलं कुणी आलं नाही. मडकी विकायला माथ्यावर आलेला एक कुंभार आणि सतरा वर्षांची चिमा, दोघांनी मिळून त्याला उचललं. दोघंच, म्हणून उतारावर तीनदा खाली ठेवावं लागलं. सारजा मागून चालत होती आणि रडता रडता नवऱ्याला बोलत होती, “काय मिळालं बोलून? सांगा की, काय मिळालं?”

पुढची दोन वर्षं चिमानं वाफा वाढवला. कसा, ते सांगायला हवं, कारण त्यात जादू काही नाही.

जी रोपं आई म्हणून ठेवायची त्यांची फुलं ती खुडून टाकायची, म्हणजे त्यांची ताकद फळात न जाता दोऱ्यांत जाई. एका दोऱ्यावर पुढं पुढं लेकींची माळ निघते. चिमा पहिल्या दोनच ठेवायची, पुढचा दोरा तोडायची, कारण माळेच्या टोकाची लेक किरकोळ असते. बांबूच्या कामटीचा छोटा चाप करून दोरा मातीला दाबून धरायचा. पानं जिथून फुटतात तो मधला गाभा मातीच्या वर राहील असं बघायचं. गाभा पुरला की कुजतो, फार उघडा राहिला की वाळतो. रोज पाणी. महिना-सव्वा महिन्यानं पान हलकेच ओढून बघायचं. रोप उठून आलं नाही, म्हणजे मुळांनी माती धरली, की मधला दोरा कापायचा.

आणि रोज सकाळी प्रत्येक पान उलटं करून मावा शोधायचा. मावा म्हणजे पानाखाली चिकटून बसणारे हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. दौलूनं तिला सांगितलं होतं, “हा सोंड खुपसून रस पितो. ह्या पानाचं दुखणं त्या पानाला हाच नेतो.” डोंगराच्या त्या सोंडेवर वारा इतका असायचा की मावा फारसा टिकत नसे. जो टिके तो चिमाच्या बोटांत मरे. वर कारवीच्या काठ्यांचं दाट कुंपण. असा तो वाफा. चाळीस रोपं, पानं तळहाताएवढी, सपाट, गडद हिरवी.

म्हणजे बघा. शिक्षा म्हणून थोरलीची रोपं द्यायची थांबवली, आणि त्या शिक्षेनंच गावातला एकुलता एक निरोगी वाफा वाचवला. म्हाताऱ्यांनी गावावर केलेला हा एकच उपकार, आणि तोही चुकून.

दौलूचं घर वाळीत पडल्याच्या चौथ्या वर्षी गावातली तीन घरं उठून खाली दरीत गेली, दुसऱ्यांच्या शेतात राबायला. त्या वर्षीच्या वाटणीला चिमा हाक नसताना चौथऱ्यावर आली. डोक्यावर दुरडी होती. दुरडीत ओल्या शेवाळात गुंडाळलेली तीस रोपं.

“हैबती आज्जा,” ती म्हणाली, “घरटी एक घ्या. मला बदल्यात काय नको. पण आधी गावातला प्रत्येक वाफा उपटायचा, जाळायचा. थोरलीसुद्धा. एक हिवाळा फळ मिळणार न्हाई. फुलं खुडा, दोरे वाढवा. पुढच्या पावसाळ्यात ज्याला त्याला परसभर रोपं होतील.”



“पोरी, वय काय तुझं?” हैबतीनं विचारलं.

“एकोणीस.”

“आणि थोरलीचं?”

“वयाला मुळं फुटत न्हाईत, आज्जा.”

मागं उभी असलेली दोन-तीन तरणी पोरं हसली आणि लगेच गप्प झाली. पाचांतला नरसू नावाचा म्हातारा उठला, दुरडीत डोकावला, त्यानं एक पान बोटांनी चोळून पाहिलं. त्याला कळलं. त्याच्या तोंडावर ते दिसलं. पण कळणं आणि बोलणं यांत जे अंतर असतं ते ओलांडायला त्याचे गुडघे दुखत असावेत. तो परत जागेवर बसला.

“रोपं तर बरी दिसत्यात,” तो एवढंच म्हणाला.

“दुरडी ठेव इथं,” हैबती म्हणाला. “आम्ही विचार करू.”

चिमानं दुरडी ठेवली. “सावलीत ठेवा, आणि शेवाळ ओलं ठेवा. उद्या न्हाईतर परवा लावायलाच पाहिजेत.”

“आम्हाला शिकव आता.”

म्हाताऱ्यांनी पहिल्या दिवशी विचार केला. दुसऱ्या दिवशी विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोडा विचार केला. दुरडी चौथऱ्यावरच होती, पाऊस गेल्यानंतरच्या कडक उन्हात. पाणी मारायचं कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणी मारलं नाही. चौथ्या दिवशी चिमा आली तेव्हा शेवाळाची भुकटी झाली होती आणि रोपं चहूबाजूंनी लोंबत होती, उकडलेल्या भाजीसारखी.

“बघ,” हैबती म्हणाला, “तीन दिस टिकली न्हाईत तुझी रोपं. आणि थोरलीशी बरोबरी करतीस.”

चिमानं दुरडी उचलली आणि घरी गेली. वाफ्यातली चाळीस अजून उभी होती. तिनं ठरवलं, पुढच्या पावसाळ्यात म्हाताऱ्यांना विचारायचंच नाही. एकदम नव्हे, पण जमेल तशी एकेका तरण्या घराला गुपचूप रोपं द्यायची. चाळीस रोपांच्या ऐंशी लेकी होतात. गाव वाचवायला ऐंशी पुरे.

तो हिवाळा आला. गावात फळ धरलंच नाही म्हटलं तरी चालेल. आणि सोंडेवर, कारवीच्या कुंपणाआड, चिमाचा वाफा लाल झाला. वास काही कुंपण मानत नाही. तो गावात शिरला. लहान पोरं खेळता खेळता थांबून हवेत नाकं वर करू लागली. त्यांतल्या धाकट्यांना तो कसला वास तेही ठाऊक नव्हतं.

म्हातारे चौथऱ्यावर जमले. त्यांच्यापुढं प्रश्न असा होता: थोरलीशिवाय एक वाफा पिकला. मग थोरली कशाला? आणि थोरली वाटणारे कशाला?

हा दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण उत्तर त्याचंच शोधलं. आणि त्यांना ते सापडलं. अशी उत्तरं म्हाताऱ्यांना फार चटकन सापडतात. त्यांनी जाहीर केलं की हा थोरलीचाच प्रसाद आहे. वाळीत टाकलेल्या घरावरही तिनं माया केली. तिनं माफ केलं, तर आपण कोण अडवणारे? दौलूच्या घराला माफी. आणि माफीची खूण म्हणून थोरलीची एक लेक त्या वाफ्याच्या मधोमध लावायची. एक बोळकं उरलं होतंच. ज्या घराच्या नावाचं होतं, ते घर गाव सोडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव वाजतगाजत सोंडेवर आलं. पुढं हैबती, हातात बोळकं. सारजा दारात उभी होती. हैबती आला आणि तिच्या ओट्यावर बसला.

“सारजे, पाणी दे गं.”

चार वर्षांत त्या ओट्यावर कुणी बसलं नव्हतं. सारजेनं पाणी आणलं, गूळ आणला. तांब्या देण्याच्या घाईत तिच्या हातून अर्धं पाणी हैबतीच्या धोतरावर सांडलं, आणि तो रागावला नाही. तेवढ्यानं ती रडायला लागली. बायका पुढं झाल्या, कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणी म्हणालं, “वैनी, किती वाळलात.” चार वर्षं याच बायका झऱ्यावर तिला बघून घागर उचलून निघून जायच्या.

चिमा परसाच्या फाटकात उभी होती. तिनं बोळकं पाहिलं. लांबूनसुद्धा दिसत होतं: आक्रसलेली पानं, पिवळी कड, आणि पानांखाली हिरवी खरूज उठावी तसा मावा.

“आज्जा, तुम्ही आलात, बरं झालं,” ती म्हणाली. “पाणी प्या, गूळ खा, वाटलं तर जेवून जा. पण बोळकं आत येणार न्हाई.”

ढोलवाला थांबला.

“काय म्हणली?”

“पुढच्या अंगणात ठेवते. रोज दिवा लावते. पाया पडते, काय सांगाल ते करते. वाफ्यात न्हाई. आज्जा, गावात एवढीच चाळीस रोपं चांगली हायेत. ही गेली की संपलं. मग तुमच्या नातवंडांनाबी काय लावायचं ते राहणार न्हाई.”

सारजेनं डोळे पुसले. अंगणात ठेवायचं तिला पटलेलं दिसलं. ती हैबतीकडे वळली. “पोर म्हणती तसं अंगणातच...”

हैबती ओट्यावरून उठला. फक्त उठला. त्याच्या मागं बाकीचे चार उठले. सारजेच्या पाठीवरचा हात निघाला. बायका मागं सरल्या. ज्या बाईनं वैनी म्हटलं होतं तिनं पदर सावरला आणि तोंड फिरवलं.

सारजेला त्या एका क्षणात पुढची सगळी वर्षं दिसली.

ती धावली. तिनं हैबतीच्या हातातून बोळकं घेतलं, छातीशी धरलं आणि फाटकाकडे आली. चिमानं तिचं मनगट पकडलं. घट्ट पकडलं.

“आये, नको. बाबा ह्यापायी वाळीत मेला.”

“सोड.”

“आये, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांब. मग गावच आपल्याकडं येईल.”

“आणि मी तवर मेले तर?” सारजा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ आहे का असं विचारावं तसा. “मला कोण उचलंल गं? तू आणि कुंभार? तीनदा खाली ठेवणार मला?”

चिमानं हात सोडला.

इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. तिनं हात सोडला, ही तिची चूक होती. आईच्या डोळ्यांकडे बघून सोडला, हे खरं. मावा डोळ्यांकडे बघत नाही.

वाफ्याच्या मधोमध खड्डा करून रोप लावलं गेलं. हैबतीनं स्वतःच्या हातानं लावलं आणि गाभ्यावर मूठभर माती जास्तच दाबली. मग गावानं वाफ्यातली सगळी फळं तोडून खाल्ली. पिकलेली खाल्ली, अर्धी पिकलेलीही खाल्ली. हनुवट्या लाल झाल्या.

“थोरलीची गोडी ती थोरलीची गोडी,” एक म्हातारा बोटं चाटत म्हणाला. नरसू त्याच्या शेजारी बसून खात होता. त्यानं आणखी एक फळ घेतलं.

पुढचे दहा-बारा दिवस सारजा त्या रोपापाशी ठाण मांडून बसली. चिमाला जवळ फिरकू देईना. “उपटलंस तर मला आई म्हणू नको.” मग एका सकाळी तिला चौथऱ्यावर बोलावणं आलं, बायकांच्या पंगतीला. नवं लुगडं नव्हतं म्हणून तिनं जुनंच धुऊन नेसलं आणि लगबगीनं गेली. किती तरी दिवसांनी ती गुणगुणत चालली होती.

तिची पाठ वळताच चिमा वाफ्यात शिरली. रोप उपटलं, चुलीत घातलं. मग शेजारच्या ओळीतलं पान उलटलं. मावा होता. त्यापुढच्या ओळीत होता. कुंपणाला लागून असलेल्या शेवटच्या ओळीतसुद्धा होता. तिनं रिठ्याच्या पाण्यानं एकेक पान धुतलं, वर राख भुरभुरली, बोटांनी चिरडून चिरडून तिची नखं हिरवी झाली. मावा गेला. त्यानं जे द्यायचं होतं ते देऊन झालं होतं.

पावसाळ्यात दोरे सुटले. लेकींची पहिली पानं उघडली ती आत वळलेलीच. पिवळी कड. चाळीसच्या चाळीस.

चिमानं सगळा वाफा खणून काढला. ओली रोपं पेटत नव्हती म्हणून ती पडवीत पसरून आधी वाळवावी लागली. सारजा न सांगता मदतीला आली. तिनं पाट्या भरल्या, वाहिल्या, ओतल्या. शेवटची पाटी ओतल्यावर ती म्हणाली, “तुझा बाप खरं बोलत होता.”

“बाबा जिता होता तवा म्हणायचं होतंस,” चिमा म्हणाली.

सारजेनं मान हलवली. त्यानंतर त्या दोघी त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

त्याच पावसात थोरली गेली. एका सकाळी पुजायला गेलेल्या माणसाला चौथऱ्यावर रोपाच्या जागी काळा लगदा मिळाला. हैबतीनं तो हातानं चाचपून पाहिला, त्यात एखादा जिता कोंब आहे का म्हणून. नव्हता.

पाऊस संपला, वाटणीचा दिवस आला. वाटायला काही नव्हतं. म्हातारे दिवसभर बसले. या वेळी मात्र त्यांनी एका दिवसात निर्णय घेतला. संध्याकाळच्या आधी पाचही जण रिकामी बोळकी घेऊन सोंडेवर आले. मागं तशीच बोळकी घेऊन गाव होतं, ढोल नव्हता.

हैबती ओट्यावर बसला नाही. उभाच राहिला. त्यानं घसा साफ केला.

“चिमे, आम्ही ठरवलंय. तरण्या रोपाचे दोरे रुजवायला हरकत न्हाई. तुझी रोपं चालतील. तशी परवानगी देतो.”

“कशाची?” चिमानं विचारलं.

“तुझ्या रोपांची. घरटी एक म्हणाली होतीस. आम्ही बोळकी आणल्यात.”

चिमानं फाटक उघडलं आणि बाजूला झाली. आत उकरलेली तांबडी माती होती आणि तिच्यावर राखेचा एक मोठा पट्टा. बाकी काही नव्हतं. म्हातारे बघत राहिले. मागच्या रांगेतल्या एका पोराच्या हातून बोळकं निसटलं आणि फुटलं.

“वाफा कुठं हाय?” हैबतीनं विचारलं.

“तुम्ही त्यात थोरली लावलीत. दुखणं सगळ्यांना लागलं. जाळावा लागला.”

नरसू जमिनीकडे बघत होता. हैबतीच्या ओठांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती. सगळ्यांना वाटलं, आता हा म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा चुकलो म्हणणार. चिमालाही क्षणभर तसं वाटलं.

“मग हे आधीच का न्हाई सांगितलंस?” हैबती म्हणाला.

चिमानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्याकडे उत्तर होतं, दौलूपासूनचं सगळं होतं. पण ऐकणारा कोण? तिनं घरात जाऊन दोन गोधड्या आणि एक पातेलं गाठोड्यात बांधलं, सारजेचा हात धरला आणि दोघी उतार उतरून गेल्या.

त्यांच्या मागोमाग हिवाळ्याआधी बाकीची घरंही उतरली. खालच्या मुलखात दुसऱ्यांच्या बांधांवर ती माणसं राबली, दुसऱ्यांचा भात कापला. त्यांच्या पोरांना स्ट्रॉबेरी कशी असते ते सांगून कळेना. पाच म्हातारे मात्र माथ्यावरच राहिले. जाणार कुठं, खाली त्यांना कुणी थोरले म्हणणार नव्हतं. ते रिकाम्या चौथऱ्यावर बसून, गाव कुणाच्या उद्धटपणामुळं बुडालं यावर रोज चर्चा करीत. एकेक करून ते तिथंच संपले.

बोध एवढाच: वडीलधाऱ्याच्या हातून घरात दुखणं येत असेल, तर तो हात धरावा, आणि वडीलधारा रडला तरी सोडू नये.